नेम डोळ्यावर, शार्प आला कान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या बाबांच्या लोखंडी पेटीत झोर्की-४ हा जुना रशियन फिल्मचा कॅमेरा आणि तीन लेन्स सापडल्या. ज्युपिटर-८ (५० मिमी, एफ/२), ज्युपिटर-९ (८५ मिमी, एफ/२) आणि ज्युपिटर-१२ (३५ मिमी, एफ/२.८); एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं. अमेरिकेतल्या आतेभावानं देऊन टाकलेल्या डिजिटल लायका एम २४० वर ज्युपिटर-८ लावून तुम्ही राळेगावकडच्या पोळ्याचे फोटो काढले. रेंजफाइंडरमधल्या (दोन प्रतिमा एकावर एक आणून अंतर जुळवायच्या खिडकीतल्या) दोन्ही प्रतिमा बैलाच्या डोळ्यावर नीट जुळवल्या, तरी डोळा मऊ आला आणि कान, त्यामागची घुंगरमाळ लख्ख. तीच लेन्स मित्राच्या सोनी ए७ वर लावली तर पापणीचे केस मोजता येतात. आता लेन्स उघडायची की कॅमेरा, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

आधी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा भाऊ. मी पुसदला बत्तीस वर्षं कॅमेरे खोलतोय, आणि माझ्या टेबलावर आलेल्या बिघाडांपैकी लय सारे बिघाड मुळात नव्हतेच, कोणीतरी घाईत काहीतरी फिरवल्यावर झाले. तुमची लेन्स चांगली आहे. कॅमेराही बहुतेक चांगला आहे. दोघांचं माप वेगळं आहे, एवढंच.

सोनीनं तुमचं निम्मं काम फुकट करून दिलं आहे. त्या कॅमेऱ्यात सेन्सरवर जे पडतं तेच पडद्यावर दिसतं, मधे रेंजफाइंडर नाही. म्हणजे तिथं डोळा शार्प आला याचा अर्थ काचा शाबूत आहेत. एम २४० मध्येही लाइव्ह व्ह्यू आहे; २०१२ साली जाहीर झालेल्या या मॉडेलपासून लायकाच्या एम मालिकेत ती सोय आली. तेव्हा सोनीपर्यंत जायचीही गरज नाही. त्याच कॅमेऱ्यावर, तीच लेन्स, मागच्या पडद्यावर मोठं करून फोकस करा. तिथं बरोबर आणि रेंजफाइंडरनं चूक, असं निघालं तर भानगड फक्त लेन्स आणि रेंजफाइंडर यांच्या बोलण्यात आहे.

ते बोलणं कसं चालतं ते समजून घ्या. रेंजफाइंडरला लेन्समधून काहीच दिसत नाही. त्याला फक्त एक धक्का कळतो. फोकसची रिंग फिरवली की लेन्सच्या मागची कडी पुढे-मागे सरकते, कॅमेऱ्याच्या आतला छोटा रोलर तिला टेकलेला असतो, आणि रोलर किती हलला यावरून कॅमेरा अंदाज बांधतो की लेन्स इतक्या अंतरावर पाहून राहिली आहे. हा अंदाज खरा ठरायला लेन्स अमुक फोकल लांबीची आहे हे आधी ठरलेलं असावं लागतं. लायकानं ते ५१.६ मिमी धरलं. रशियन कारखान्यांनी झाइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्याचं माप उचललं, ५२.४ मिमी. ज्युपिटर-८ ही मुळात झाइसच्या सोनारची नक्कल. युद्धानंतर झाइसचं सामान आणि सूत्रं रशियाकडे गेली तेव्हा मापही सोबत गेलं. चुडी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यात फिरवून बसवायचे आटे, मात्र लायकाची, ३९ मिमीची. त्यामुळे लेन्स लायकावर फिट बसते, आटे जुळतात, आणि माणसाला वाटतं सगळंच जुळलं. मोठ्या बाबांच्या झोर्कीवर खरंच सगळं जुळत होतं, कारण झोर्कीचा रेंजफाइंडर याच लेन्सच्या मापानं लावलेला होता.

०.८ मिमीचा फरक तो काय, असं वाटेल. हिशेब करून पाहा. दीड मीटरवरच्या वस्तूसाठी ५१.६ ची लेन्स अनंतापासून (फार दूरच्या फोकसच्या जागेपासून) साधारण १.९१ मिमी बाहेर यायला हवी, ५२.४ ची १.९७ मिमी. लायकाचा रोलर १.९१ ला म्हणतो, झालं, थांबा. तुमची लेन्स मात्र अजून सहा शतांश मिलिमीटर बाहेर यायची राहिली असते. ती तिथं थांबली की तिचा फोकस पडतो सुमारे ३ टक्के मागे. दीड मीटरवर म्हणजे साडेचार सेंटिमीटर. बैलाचा डोळा सोडून कानाकडे जायला तेवढं पुरतं.

मग मोठ्या बाबांच्या काळात अशाच लेन्स लायकावर लावणाऱ्यांची तक्रार का नव्हती? होती, पण कमी. सहा शतांशाची चूक एफ/२ वर फिल्मवर ०.०३ मिमीचा ठिपका पाडते, आणि पस्तीस मिमी फिल्मसाठी नेमका तेवढाच ठिपका ‘शार्प’ म्हणून चालवून घ्यायची जुनी रीत आहे. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटमध्ये कोणाच्या बापाला कळणार नाही. तुमच्या एम २४० चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, एकेक पिक्सेल ०.००६ मिमीचा. तोच ठिपका आता पाच पिक्सेल रुंद झाला, आणि तुम्ही तो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून नाक लावून पाहता. त्यात फिल्मला स्वतःची जाडी असते, ती थोडी वाकते, फुगते. सेन्सर काचेसारखा सपाट. तो कोणाचीच चूक पोटात घालत नाही.

हे सगळं पुस्तकी झालं. तुमच्या हातातल्या लेन्सची चूक साडेचारच्या ऐवजी दोन सेंटिमीटर असू शकते, किंवा आधीच्या कोणी कारागिरानं काही केलं असेल तर उलट्या बाजूलाही असू शकते. म्हणून मोजायचं.

माझी रीत सांगतो, खर्च शून्य. बाज अंगणात सावलीत ठेवा, उन्हात नको, उन्हात हवा थरथरते. बाजेच्या कडेला शिंप्याची टेप ताणून बांधा. टेपवर काडीपेटीच्या रिकाम्या खोक्यांची रांग उभी करा, प्रत्येकी दोन सेंटिमीटर अंतरानं आणि थोडी तिरकी, म्हणजे एकामागे एक लपणार नाहीत. मधलं खोकं हे लक्ष्य. त्यावर काळ्या पेननं एक उभी रेघ मारा, कारण रेंजफाइंडरला जुळवायला उभी रेघच सोपी जाते. कॅमेरा ट्रायपॉडवर, लक्ष्यापासून दीड मीटर. डायफ्राम, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडा. मग फोटो काढा, पण एक नाही. पाच वेळा रिंग अनंताकडून आणून जुळवा, पाच वेळा जवळून मागे नेऊन. हे दोन गट वेगवेगळे आले तर लेन्सच्या आट्यांत ढिलाई आहे, आणि ती कोणत्याही वायसरनं (मधे टाकायच्या पातळ कडीनं) जात नाही. मग लाइव्ह व्ह्यूनं दोन फोटो, ते आपले साक्षीदार. हेच एक मीटर आणि तीन मीटरवर करा. वहीत लिहा. डोक्यात ठेवाल तर संध्याकाळपर्यंत सगळे आकडे एकमेकांत मिसळतात, माझे तरी मिसळतात.

त्यानंतर अनंत. चंद्र असेल तर चंद्र, नाहीतर दोन-तीन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा. रात्री दिव्याचे ठिपके दोन दिसतात की एक, हे शेंबडं पोरगंही सांगेल. गावातली पाण्याची टाकी घेऊ नका, ती पाचशे मीटरवर असते आणि तेवढं पुरत नाही.

हीच चाचणी कॅमेऱ्यासोबत एखादी लायकाची किंवा लायकाच्या मापाची लेन्स आली असेल तर तिच्यावरही करा. ती सगळ्या अंतरांवर बरोबर आली तर कॅमेऱ्याला हात लावायचं कारण उरत नाही. रोलरच्या मधोमध एक स्क्रू दिसेल, तो फिरवून अनंत जुळवतात, आणि त्याचे व्हिडिओ पाहून माणसाचा हात शिवशिवतो. एका ज्युपिटरसाठी कॅमेरा फिरवला की बाकी सगळ्या लेन्स बिघडल्या. शिवाय हा स्क्रू फक्त सुरुवात बदलतो. ५१.६ आणि ५२.४ मधला फरक अंतरानुसार कमी-जास्त होतो, तो तसाच राहतो. दोन्ही लेन्स सारख्याच चुकल्या, तरच कॅमेरा हलला आहे असं समजा. मोटरसायकलच्या टाकीवर बॅग ठेवून आपल्या रस्त्यांवरून वर्षभर फिरलं की रेंजफाइंडर हलतोच. तसं असेल तर जाणत्या माणसाकडे द्या.

आता मुख्य काम, वायसरचं. ज्युपिटर-८ च्या काचा सगळ्या एका नळीत असतात आणि ती नळी फोकसच्या भागात आट्यांनी बसते. दोघांच्या मधे कारखान्यानं पातळ कडी टाकलेली असते, कधी एक, कधी दोन. या कडीची जाडी वाढवली की काचा पुढे जातात, पण रोलरला टेकणारी कडी जागची हलत नाही. आपल्याला हेच हवं आहे. रेंजफाइंडर जिथं थांबतो तिथं काचा आधीच थोड्या पुढे असायला हव्यात.

किती पुढे? इथं निवड करावी लागते. दीड मीटरला बरोबर हवं असेल तर पुस्तकी आकडा ०.०६ मिमी. एक मीटरला हवं असेल तर ०.१० मिमी. पण ०.१० टाकलं की तीन मीटरवर उलटी चूक येते, फोकस पुढे पडतो. आणि दोन्ही बाबतीत अनंत जातं: ०.०६ टाकल्यावर लेन्स अनंताच्या खुणेवर प्रत्यक्षात ४५ मीटरच्या आसपास पाहते, ०.१० टाकल्यावर २७ मीटरच्या. दूरचं दृश्य तुम्ही एफ/२ वर काढणार नाही. एफ/८ ला ते सावरून जातं. पोळ्यातले बैल, पारावरची म्हातारी माणसं, तान्ह्या पोळ्याची लाकडी बैल ओढणारी पोरं, हे सगळं दीड ते दोन मीटरवर घडतं. म्हणून मी तुम्हाला सहा शतांशच सांगीन, आणि तुमच्या चाचणीत जे निघेल त्यानुसार एखाद-दोन शतांश इकडे-तिकडे.

वायसर कशाचा? स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा एक पदर सव्वा ते दीड शतांश मिमी भरतो, म्हणजे चार-पाच पदर. तात्पुरत्या तपासणीला ते बरं, कायमचं नको, दाबलं की बसतं आणि सुरकुती आली तर काचा तिरप्या होतात. पितळी पत्रा सर्वात चांगला. तो मोजायला व्हर्नियर चालत नाही, मायक्रोमीटर लागतो, आणि तो तुमच्या तालुक्याच्या गावात आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाचं क्रँक घासून देणारा लेथवाला शोधा. तो शतांशातच जगतो. मी पहिल्यांदा अशी कडी करून मागितली तेव्हा त्यानं विचारलं, ‘कोणत्या इंजिनाची?’ कॅमेऱ्याची म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत, पोरीच्या बारशाचा फोटो मात्र काढून घेतला.

नळी सोडवताना नुसत्या हातानं प्रयत्न करा, रबरी हातमोजा घालून. पक्कड लावू नका. न सुटल्यास आट्यांवर सुईच्या टोकानं एक थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अर्धा तास चहा. रॉकेल नको, त्याचा थर काचेवर चढतो. उघडल्यावर दोन्ही भागांवर समोरासमोर पेन्सिलची खूण करा. आणि हे उन्हाळ्यात पंख्याखाली करू नका, आपल्याकडे मे महिन्यात हवेत जी धूळ असते ती सरळ आत जाऊन बसते. पावसाळ्यात तर नकोच नको, दमट हवा आत बंद केली की बुरशीला घर मिळालं. दिवाळीनंतरची सकाळ चांगली.

एक गोष्ट वायसर टाकण्याआधीच ठरवा: चाचणी एफ/२ वरच करायची का? सोनार जातीच्या लेन्समध्ये डायफ्राम बंद केला की फोकस आपोआप मागे सरकतो. काचेच्या कडेनं येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा जरा आधी जुळतात, आणि डायफ्राम बंद झाला की कडेचे किरण कापले जातात. एफ/२ ला तंतोतंत लावलेली लेन्स म्हणून एफ/२.८ किंवा एफ/४ ला थोडी मागे पाहते. एफ/५.६ नंतर शार्पपणाचा पट्टाच इतका रुंद होतो की विचार करायला नको. तुम्ही बहुतेक फोटो एफ/२.८ ला काढत असाल तर चाचणी एफ/२.८ ला करा आणि एफ/२ ला केसभर पुढचा फोकस सहन करा. सोनीवरही हेच लक्षात ठेवा: पूर्ण उघड्या डायफ्रामवर फोकस करून मग एफ/४ करायचं नाही. ज्या छिद्रावर फोटो काढायचा त्याच छिद्रावर फोकस. पडद्यावरच्या रंगीत कडा दाखवणाऱ्या पीकिंगवर जुन्या लेन्ससाठी भरवसा ठेवू नका, ते उघड्या डायफ्रामच्या धुकट कडांनाही शार्प म्हणतं. प्रतिमा मोठी करून पाहा.

आता चुडीची लेन्स लायका एमवर बसवणाऱ्या त्या अडॅप्टर रिंगकडे या, जिच्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाही. चुडीच्या लेन्सचं फिल्मपासूनचं अंतर २८.८ मिमी, १९५४ पासूनच्या लायका एम माउंटचं २७.८. म्हणून रिंग बरोबर १ मिमी जाड हवी. मी एकदा घाईत एक स्वस्तातली रिंग मागवली, मायक्रोमीटरवर ती ०.९३ भरली. गंमत अशी की ५० मिमीच्या लेन्सवर ती चूक सहज पकडली जात नाही. काचाही तेवढ्याच मागे जातात आणि रोलरला टेकणारी कडीही तेवढीच मागे जाते, दोघं मिळून चुकतात, म्हणून रेंजफाइंडर आणि फोकस एकमेकांशी खरं बोलत राहतात. फक्त अनंताला रेंजफाइंडर पुढे निघून जातो आणि लेन्सवरचे मीटरचे आकडे खोटे होतात. ८५ मिमीच्या लेन्सवर मात्र पितळ उघडं पडतं, कारण तिथं कडीची चाल आणि काचांची चाल यांचं प्रमाण वेगळं. मी दोन दिवस त्या ज्युपिटर-९ ला शिव्या घालत होतो, दोष होता रिंगमध्ये. म्हणून वायसर कापण्याआधी रिंग चार ठिकाणी मोजा.

रिंग बरोबर असली तरी लेन्स तिच्यात घट्ट बसली आहे का तेही पाहा. रशियन ग्रीस चाळीस-पन्नास वर्षांत वाळून मेणासारखं होतं. फोकसची रिंग जड फिरते, आणि जोर लावला की फोकसऐवजी सगळी लेन्सच चुडीतून जराशी सुटते. पुढचे दहा फोटो मऊ. चाचणी करताना दर वेळी लेन्स आवळून घ्या. ग्रीस बदलणं हे वेगळं काम, त्यात आटे सुटताना कोणत्या जागी सुटले याची खूण चुकली तर लेन्स परत अनंताला येत नाही. ते पहिल्या फटक्यात करू नका.

सोनीवर दोन अडॅप्टर लागतात, मधली एम ते ई (ई म्हणजे सोनीचा माउंट) रिंग ९.८ मिमीची. ती बनवणारे मुद्दाम जराशी पातळ करतात, म्हणजे अनंत नक्की मिळावं. तिथं रिंग अनंतापलीकडे फिरते, त्यात बिघाड काही नाही.

ज्युपिटर-९ बद्दल माझं मत सरळ आहे: ती लायकाच्या रेंजफाइंडरवर वापरू नका. ३ टक्क्यांची चूक तिथंही आहे, दोन मीटरवर सहा सेंटिमीटर, आणि एफ/२ ला त्या अंतरावर फिल्मच्या ढिल्या हिशेबानंसुद्धा दोन्ही बाजूंना मिळून साडेसहा सेंटिमीटरच शार्प असतं. वायसरनं एक अंतर साधेल, बाकीची बिघडतील. लाइव्ह व्ह्यूवर किंवा सोनीवर ती सुंदर लेन्स आहे. म्हाताऱ्या चेहऱ्यांसाठी यापेक्षा चांगलं काही मी फार वापरलं नाही.

ज्युपिटर-१२ ला वायसरची गरज नाही. ३५ मिमी, एफ/२.८, एक मीटरवर पुढे-मागे सहा-सात सेंटिमीटर माफ असतात, तीन सेंटिमीटरची चूक त्यात बुडते. तिची अडचण दुसरी. तिची मागची काच टरबुजाच्या फोडीसारखी बाहेर आलेली आहे, कॅमेऱ्यात ती कुठवर जाते ते बसवण्याआधी पट्टीनं मोजा, जोर करून फिरवू नका. आणि सेन्सरवरच्या काचेमुळे तिचे कोपरे फिस्कटतात, थोडे जांभळेही होतात. फोकस जुळवून ते जाणार नाही. लायकाची काच सोनीपेक्षा पातळ, म्हणून तिथं त्रास कमी.

तुमच्या डोळ्यांचंही विचारतो, राग मानू नका. चष्मा आहे का? लायका एमच्या व्ह्यूफाइंडरला स्वतःचा उणे अर्धा नंबर असतो. चाळिशीनंतर मलाच जुळलेली प्रतिमा अर्धवट जुळलेली दिसायची आणि मी गिऱ्हाइकांच्या लेन्सना दोष द्यायचो. चाचणीतले पाच फोटो पाच ठिकाणी पडले तर आधी चष्मेवाल्याकडे जा.

वायसर टाकून झाला की कारखान्याच्या मूळ कड्या फेकू नका. फिल्मच्या रिकाम्या डबीत घाला, डबीवर लेन्सचा नंबर आणि टाकलेली जाडी लिहा, आणि डबी झोर्कीच्या चामडी केसमध्ये ठेवा. उद्या तुम्ही किंवा तुमच्या पोरानं त्या झोर्कीत रोल भरला तर ही लेन्स नव्या वायसरसकट तिच्यावर पुढचं पाहील, आणि तेव्हा तीच जुनी कडी लागेल.